सर्वांस वाचता येईल असे संकेतस्थळ : एक शिकण्याजोगी विद्या

अंध माणूस मोबाइल फोन वापरतो तरी कसा, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो; परंतु विचारावयाचा कोणाला, म्हणून तो मनातच राहतो. उत्तर सोपे आहे. तो फोन ऐकतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्मार्टफोनांत एक वाचक आधीपासून बसविलेला असतो. अँड्रॉइड फोनात त्याचे नाव टॉकबॅक, आयफोनात व्हॉइसओव्हर. संगणकासाठी असे वाचक वेगळे मिळतात. या सर्वांना मिळून स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर जे जे मांडलेले असेल ते ते हा वाचक एकामागून एक बोलून दाखवितो. अंध माणूस काचेवरून बोट उजवीकडे सरकवितो, की पुढची वस्तू बोलली जाते. हवी ती ऐकू आली म्हणजे तो काचेवर दोनदा टिचकी मारतो आणि ती उघडते. सराव झालेले लोक हा आवाज इतक्या वेगाने लावतात की शेजारी बसलेल्या डोळसाला त्यातले अक्षरही उमगत नाही.

मग याच माणसाला पेन्शनची माहिती भरावयास, आगगाडीचे तिकीट काढावयास किंवा बँकेतील शिल्लक पाहावयास दुसऱ्याच्या दारी का जावे लागते? फोन बोलतो आहे, बोटे चालतात, बुद्धी शाबूत आहे. तरीही आपला गुप्त क्रमांक आणि फोनवर आलेला ओटीपी परक्याच्या कानात सांगावा लागतो. त्या परक्याने पुढे त्याचे काय केले हे त्याला पाहता येत नाही. यात पैशांचा धोका आहेच. परंतु जाणत्या माणसाला आपल्या घरचा व्यवहार चारचौघांत उघडा करावा लागावा, हे दुःख त्याहून खोल आहे. अडचण त्याच्या डोळ्यांत आहे, असे आपण सहज धरून चालतो. पुष्कळदा ती त्या संकेतस्थळाच्या बांधणीत असते, आणि बांधणी ही तर मनुष्याच्या हातची गोष्ट आहे.

ही बांधणी शिकता येते, एवढ्यासाठी हा लेख. आपल्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. कोणी बीसीएला आहे, कोणी आयटीआयमध्ये, कोणी पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीला लागला आहे. संकेतस्थळ देखणे कसे करावे हे त्यांना आवर्जून शिकविले जाते. ते न पाहणाऱ्यालाही वाचता यावे, न ऐकणाऱ्यालाही कळावे, हात थरथरणाऱ्यालाही चालविता यावे, याची तालीम मात्र ज्याची त्यानेच मिळवावी लागते असे बहुधा दिसते.

पानाची दोन रूपे

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला दोन रूपे असतात. एक डोळ्यांना दिसणारे : रंग, अक्षरे, चित्रे. दुसरे त्याखाली लिहिलेले. हे दुसरे रूप एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत असते. हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे, हे बटन आहे, असे त्यात प्रत्येक वस्तूचे कुळ सांगितलेले असते. डोळस वाचकाचे पहिल्या रूपावर भागते. स्क्रीन रीडर दुसरे रूप वाचतो. ज्याने पान बांधले त्याने दोन्ही रूपे एकमेकांशी जुळती ठेवली, तर अंध वाचकाला काही कमी पडत नाही. त्याने केवळ दिसण्यापुरते काम केले असेल, तर घर बाहेरून रंगविलेले आणि आत भिंतीच नाहीत, अशी गत होते.

मथळ्याचेच पाहा. एखादी ओळ मोठ्या व ठळक अक्षरांत लिहिली, की आपण तिला मथळा समजतो. स्क्रीन रीडरला अक्षरांच्या मोठेपणाने मथळा कळत नाही. खाली ‘हा मथळा’ अशी खूण असेल तरच कळतो. अंध वाचक लांब पान आरंभापासून शेवटपर्यंत ऐकत बसत नाही. आपण वर्तमानपत्र चाळतो तसा तोही चाळतो, एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी घेतो. वेबएम या अमेरिकेतील संस्थेने स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची जी पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात दहांपैकी सात जणांनी लांब पानावर माहिती शोधण्यासाठी आपण प्रथम मथळ्यांचाच आधार घेतो असे सांगितले होते. खुणाच नसतील, तर त्या वाचकाला सारा मजकूर गाळणीविना गाळावा लागतो.

बटनाची गोष्टही अशीच. पुढे जाण्यासाठी बाणाचे एक लहानसे चित्र ठेवले आणि त्याला नाव दिले नाही, तर वाचक नुसते ‘बटन’ म्हणतो. शेजारी दुसरे असेल तर पुन्हा ‘बटन’. एक पैसे पाठविण्याचे आणि दुसरे व्यवहार रद्द करण्याचे असले, तरी कानाला दोन्ही सारखीच. फॉर्म भरताना तर याचा कळस होतो. प्रत्येक रिकाम्या चौकटीशी तिचे नाव खालच्या रूपात बांधलेले असावे लागते. ते नसेल तर ऐकू येते ते एवढेच : ‘लिहिण्याची चौकट, रिकामी, लिहिण्याची चौकट, रिकामी.’ कुठे आपले नाव घालावयाचे आणि कुठे बापाचे, हे अंदाजाने ठरवावे लागते. काही कारागीर नाव चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत लिहितात. लिहावयास लागले की ते नाहीसे होते. अशाने डोळस म्हातारा माणूससुद्धा गोंधळतो.

चित्रांना शब्द देणे हा या विद्येतील सर्वांत गोड आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. प्रत्येक चित्राबरोबर त्याचे वर्णन लिहिण्याची सोय एचटीएमएलमध्ये पूर्वीपासून आहे. तिला ऑल्ट असे म्हणतात. वर्णन दिले नाही तर कित्येकदा चित्राच्या फाइलचे नाव, म्हणजे काही अक्षरे आणि पाचसहा आकडे, वाचले जाते. परंतु वर्णन द्यावयाचे म्हणजे काय द्यावयाचे? येथे नियमापेक्षा समज अधिक लागते. समजा, गावच्या सणाच्या मिरवणुकीचे छायाचित्र आहे. ते सणाच्या वृत्तांतात असेल तर ‘पावसात छत्र्या धरून निघालेली मिरवणूक, पुढे बँड’ असे लिहावे, कारण वाचकाला तो प्रसंग हवा आहे. तेच छायाचित्र बँडवाल्यांच्या पानावर असेल तर वाद्ये कोणती आणि वादक किती, हे सांगितले पाहिजे. आणि ते केवळ पानाची शोभा म्हणून कोपऱ्यात बसविले असेल, तर वर्णनाची जागा मुद्दाम कोरी ठेवावी, म्हणजे वाचक ते ओलांडून पुढे जातो. जागा कोरी ठेवणे आणि जागाच न ठेवणे यांत भेद आहे. ‘छायाचित्र’ एवढाच शब्द लिहून सुटका करून घेणारे बरेच आहेत. छायाचित्र आहे हे वाचक आपण होऊन बोलतोच, त्यात काय आहे ते सांगावयाचे असते.

सिडनीचा खटला

या साध्या गोष्टीवरून एक मोठा वाद झाला होता, तो येथे सांगण्यासारखा आहे. २००० साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. संयोजन समितीने सामन्यांसाठी एक संकेतस्थळ काढले. ब्रूस मॅग्वायर नावाचे एक गृहस्थ जन्मांध होते. ते संगणक चालवीत आणि पडद्यावरील मजकूर ब्रेलच्या पट्टीवर बोटांनी वाचीत. या पट्टीतील बारीक टाचण्या वरखाली होतात आणि ओळीमागून ओळ उमटत जाते. सहा टिंबांची ही लिपी लुई ब्रेल या फ्रेंच मनुष्याने दिली. वडिलांच्या कामाच्या खोलीत इजा होऊन लहानपणीच तो आंधळा झाला होता. १८२९ मध्ये त्याने आपली पद्धत छापून प्रसिद्ध केली, आणि पॅरिसमधील चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्याचे कामही तो करीत असे.

मॅग्वायर यांना ऑलिंपिकचे संकेतस्थळ वाचता येईना. चित्रांना शब्द नव्हते; वेळापत्रकाच्या पानावरून निरनिराळ्या खेळांच्या सूचीपर्यंत पोहोचता येत नव्हते; निकालांचे तक्तेही हाती लागण्याजोगे नव्हते. १९९९ च्या जूनमध्ये त्यांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नोंदविली. समितीने उत्तर दिले की हे काम एका माणसाला ३६८ दिवस पुरेल आणि त्यास फार मोठा खर्च येईल. तक्रारदाराच्या बाजूने आलेल्या जाणकारांनी मात्र सांगितले की एक अनुभवी मनुष्य आणि त्याच्या हाताखाली थोडे कारागीर एवढ्यांनी ते चार आठवड्यांत होईल. आयोगाला समितीचा हिशेब पटला नाही. २४ ऑगस्ट २००० रोजी निर्णय झाला : १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सामन्यांच्या उद्घाटनापर्यंत, संकेतस्थळ दुरुस्त करावे. ते पुरते झाले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये मॅग्वायर यांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर नुकसानभरपाई देण्याचा हुकूम झाला.

पैशांची रक्कम लहान होती. परंतु ‘फार काम आहे, फार खर्च आहे’ ही सबब तेव्हा प्रथम एवढ्या उघडपणे तपासली गेली. प्रत्यक्षात बांधतानाच नीट बांधले असते, तर हा खर्च फारसा नव्हताच. विहीर खोदून झाल्यावर पायऱ्या बसविण्यास जे कष्ट पडतात, त्यांचा दोष पायऱ्यांना देता येत नाही.

आपल्या मराठीची गोष्ट

इंग्रजी पुस्तकांत सहसा न आढळणारी एक अडचण मराठीला आहे, आणि आपल्या मुलांनी ती मुद्दाम ध्यानात घ्यावी. कित्येक वर्षे मराठी छपाईचा मजकूर ज्या फॉन्टांत तयार होत असे, त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या होत्या. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसे. संगणकाच्या पोटात मात्र असंबद्ध रोमन अक्षरे आणि चिन्हे साठविलेली असत. डोळस वाचकाला याचा पत्ताही लागत नाही. स्क्रीन रीडर पोटातले वाचतो, म्हणून तो त्या अक्षरांची नुसती बडबड करतो. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. तरीही जुन्या फॉन्टांत तयार केलेल्या पीडीएफ फायली अजून ठिकठिकाणी पडून आहेत, आणि काही छापखाने ती सवय सोडावयास तयार नाहीत. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरे मात्र एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.

दुसरी अडचण चित्ररूप मजकुराची. एखादी सूचना, मिस्साच्या वेळा, मयताची वार्ता, शाळेचा प्रवेश-अर्ज, हे सारे हल्ली सुंदर पार्श्वभूमीवर छापून चित्र म्हणून व्हॉट्सॲपवर पाठविले जाते किंवा कागदाचा फोटो काढून संकेतस्थळावर चढविला जातो. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते एक चित्र, त्यातले शब्द त्याला नाहीत. चित्रातील छापील अक्षरे ओळखणारी साधने आता आहेत आणि ती सुधारतही आहेत. परंतु नक्षीदार अक्षरांपुढे ती अडखळतात, आणि मयताच्या वार्तेत नाव चुकीचे वाचले गेले तर काय अनर्थ होईल ते सांगावयास नको. चित्र खुशाल पाठवावे. त्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टंकित केला, म्हणजे झाले. यासाठी कारागीर असावयास लागत नाही.

तिसरी गोष्ट भाषेच्या खुणेची. पान कोणत्या भाषेत आहे हे खालच्या रूपात एकदा लिहून ठेवावयाचे असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे येतात. ती असली, की वाचक मराठी आवाज निवडतो. पुष्कळ मराठी संकेतस्थळे इंग्रजी नमुन्यावरून उतरवून घेतलेली असतात आणि ‘इंग्रजी’ ही मूळची खूण तशीच राहून जाते. मग इंग्रजी आवाज देवनागरी वाचू पाहतो. कधी गप्प बसतो, कधी भलतेच बोलतो. बेळगावकडे एकाच पानावर मराठी आणि कन्नड असते, गोव्यात मराठी आणि कोंकणी. तिथे प्रत्येक तुकड्याला त्याची त्याची खूण द्यावी लागते. कोंकणीची लिपी मराठीसारखी देवनागरी असली, तरी तिची खूण वेगळी आहे.

न दिसण्यापलीकडे

आतापर्यंत अंधांचेच बोललो, कारण त्यांची अडचण समजावयास सोपी. परंतु आपल्या देशाच्या २०११ च्या जनगणनेत नोंदलेल्या २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी दृष्टीच्या अडचणीचे सुमारे ५० लाख होते. श्रवणाच्या अडचणीचेही साधारण तितकेच, आणि हालचालीच्या अडचणीचे त्याहून थोडे अधिक, सुमारे ५४ लाख. कर्णबधिर माणसाला चलच्चित्राखाली अक्षरे लागतात. आपोआप उमटणारी अक्षरे मराठीत अद्याप भरवशाची नाहीत, ती माणसाने तपासावी. ज्याचा हात थरथरतो त्याला माउस नेमका नेता येत नाही. सर्व काम कीबोर्डच्या कळांनी झाले पाहिजे, आणि आपण कोठे आहोत ते दाखविणारी चौकट पडद्यावर स्पष्ट दिसली पाहिजे. कित्येक कारागीर ती चौकट कुरूप दिसते म्हणून पुसून टाकतात. हे म्हणजे रस्त्यावरचे दिवे शोभत नाहीत म्हणून काढल्यासारखेच.

रंगांविषयी एकच सांगतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण मोजता येते. पांढऱ्यावर काळे हे २१ ला १. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी निदान ४.५ ला १ असावे, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालते. हल्ली पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे लिहिण्याची रीत पडली आहे. ती उन्हात शेतावर फोन पाहणाऱ्याला दिसत नाहीत, आणि मोतीबिंदू वाढलेल्या आजीला घरातही दिसत नाहीत. आजीची गणना दिव्यांगांत कोणी करीत नाही, पण लाभ तिलाही होतो. वेबएमने २०२५ मध्ये जगातील १० लाख संकेतस्थळांची पहिली पाने यंत्राकडून तपासून घेतली, तेव्हा शेकडा ९४.८ पानांत काही ना काही दोष सापडले, आणि सर्वांत अधिक आढळलेला दोष हा फिकट अक्षरांचाच होता.

नियम आणि कायदा

टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली. पुढे १९९४ मध्ये त्यांनीच वेबचे नियम ठरविणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. तिने १९९९ मध्ये दिव्यांगांच्या सोयीचे नियम प्रथम प्रसिद्ध केले. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात २.२ ही सुधारणा आली. नियम पुष्कळ आहेत, पण त्यांचा पाया चार अपेक्षांचा. पान वाचकाच्या कोणत्या तरी इंद्रियाला जाणवले पाहिजे. त्याला ते चालविता आले पाहिजे. ते समजले पाहिजे. आणि आजच्या व उद्याच्या निरनिराळ्या साधनांत ते टिकले पाहिजे. नियमांच्या तीन पायऱ्या आहेत. मधली पायरी, जिला डबल ए म्हणतात, ती गाठली म्हणजे बहुतेक देशांतील कायद्यांचे समाधान होते.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते, यात २१ मानले आहेत, आणि माहिती व दळणवळणाची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करणे हे त्यात सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना तर २००९ पासून आहेत. कागद आणि व्यवहार यांच्यातील अंतर मात्र न्यायालयापुढे आलेच. एका महिलेच्या चेहऱ्यावर आम्ल फेकले गेले होते आणि तिच्या डोळ्यांना कायमची इजा झाली होती. बँकेत खाते उघडताना ती जिवंत व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यासाठी तिने कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करावी, असा आग्रह धरण्यात आला. तिला ते शक्य नव्हते. तिच्या आणि एका अंध नागरिकाच्या अर्जावर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अंकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. ओळख पटविण्याची पद्धत दिव्यांगांना जमेल अशी करावी म्हणून न्यायालयाने २० निर्देश दिले.

परदेशाचा एक कायदा आपल्या मुलांच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून बँका, दुकाने, तिकिटे अशा सेवांची संकेतस्थळे दिव्यांगांना वापरता येण्याजोगी असणे बंधनकारक झाले. तेथील बरेच काम आपल्याकडील कंपन्या करून देतात. ही विद्या ज्याला येते त्याला नोकरी मिळेलच असे कोणी सांगू नये. पण अर्ज करताना ती उपयोगी पडण्याचा संभव पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढला आहे.

शिकावे कसे

पहिली तालीम फुकट आणि थोडी त्रासदायक आहे. आपण बांधलेले पान उघडावे, माउस बाजूला ठेवावा आणि नुसत्या टॅब कळेने सारे पान फिरून यावे. कोठे अडकलो, कोठे हरवलो, ते वहीत टिपून ठेवावे. दुसरी तालीम स्क्रीन रीडरची. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा वाचक विनामूल्य मिळतो. त्याचा जन्म २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. मायकेल करन आणि जेम्स टे हे त्याचे कर्ते स्वतः अंध आहेत. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात त्यांची ओळख झाली होती. विकतचे वाचक फार महाग होते, म्हणून त्यांनी हा सर्वांस मोफत ठेवला. तो मराठीही बोलतो. आवाज यंत्राचा आहे, पण चार दिवसांत कान रुळतो. एच ही कळ दाबली की पुढचा मथळा, बी दाबली की पुढचे बटन, एफ दाबली की फॉर्ममधील पुढची चौकट. आणि फारच बोलू लागला तर कंट्रोल दाबताच गप्प होतो. पडदा बंद करून आपल्याच पानावरचा फॉर्म भरून पाहावा. एवढ्यानेच जे शिकावयास मिळते ते दहा व्याख्यानांत मिळत नाही.

पद्धतशीर अभ्यास करावयाचा असेल, तर डब्ल्यूथ्रीसीचा पायाभूत पाठ्यक्रम २०२० पासून इंटरनेटवर आहे आणि प्रमाणपत्र नको असल्यास तो विनामूल्य करता येतो. तो इंग्रजीत आहे. घरात एकाला इंग्रजी बरे येत असेल तर दोघांनी मिळून करावा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी एक साधन-केंद्र चालते आणि या विषयात त्याने बरेच काम केले आहे. मुंबईस शिकणाऱ्या मुलांना त्याची माहिती असलेली बरी.

पानातील दोष शोधून देणारी यंत्रेही आहेत. वेव्ह, ॲक्स ही त्यांपैकी दोन. ती अवश्य वापरावी, पण त्यांच्यावर विसंबू नये. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्र सांगते. वर्णन खरे आहे की खोटे, हे त्याला कळत नाही. मिरवणुकीच्या छायाचित्राखाली ‘आंब्याची टोपली’ असे लिहिले, तरी यंत्र उत्तीर्ण करील. ‘आमची एक ओळ पानात घाला, सारे दोष आपोआप दूर होतील’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्यांपासून तर दूरच राहावे. अशा जोडणीमुळे आपला नेहमीचा वाचकच बिघडतो, अशी कित्येक अंध लोकांची तक्रार आहे.

खरी परीक्षा प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडून होते. पान तयार झाले म्हणजे गावातील किंवा शहरातील एखाद्या अंध, बहिऱ्या किंवा हात अधू असलेल्या व्यक्तीला ते वापरावयास द्यावे आणि शेजारी गप्प बसून राहावे. ‘इथे दाबा, तिथे दाबा’ असे सांगू नये. ती व्यक्ती अडली तर ती कोठे अडली एवढेच लिहून घ्यावे. मागून विचारावे, आणि जे सांगितले जाईल त्यावर वाद घालू नये. शहरातील चांगल्या कंपन्या या कामाचा मोबदला देतात. आपणही तो आधी ठरवून, त्याच दिवशी हाती द्यावा.